फोटू कसाले काढी राह्यनात?

एरंडोलच्या पांडववाड्यासमोर कॅमेरा बाहेर काढणाऱ्याला कुणी ना कुणी हटकतेच, आणि त्यात नवल नाही. अंजनी नदीकाठचे हे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, लाक्षागृहातून निसटलेले पांडव इथेच राहिले, अशी एक जुनी श्रद्धा आहे. त्याच वास्तूत जुम्मा मशीद आहे आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या नमाज होत आला आहे. पांडववाडा संघर्ष समितीच्या तक्रारीनंतर ११ जुलै २०२३ रोजी जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तिथे मनाई आदेश काढला. आठवड्याभरात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२४ मध्ये तिथून निर्देश आले, की मुख्य दाराची किल्ली नगरपालिकेकडे राहील आणि नमाजासाठी दार उघडण्याची जबाबदारीही तिचीच असेल. अशा ठिकाणी कोरीव खिडकीचा किंवा एखाद्या दगडाचा साधा फोटोसुद्धा उद्या कुणाच्या तरी बाजूचा पुरावा होऊ शकतो. गल्लीतला माणूस पुढे येऊन अहिराणीत विचारतो, ‘कोठला शेत तुम्ही? फोटू कसाले काढी राह्यनात?’ तेव्हा तो कॅमेऱ्यावर चिडलेला नसतो. त्याला एवढेच जाणून घ्यायचे असते, की हे चित्र कुणाच्या हातात जाणार.

तिथून काही किलोमीटरवर पद्मालय आहे. तळ्यातल्या कमळांचे, दीपमाळेचे, देवळाच्या शिखराचे कितीही फोटो काढा, कुणी ढुंकून पाहत नाही. कॅमेरा तोच असतो आणि काढणाराही तोच.

सार्वजनिक जागी फोटो काढताना अनोळखी माणसांशी जे खटके उडतात, त्यांबद्दल बोलताना छायाचित्रकार बहुधा हक्कांपासून सुरुवात करतात. रस्ता सगळ्यांचा, मग अडवणारे हे कोण? हक्काचा प्रश्न खराच आहे आणि त्याकडे वळायचेच आहे. पण खानदेशातला, महाराष्ट्रातला आणि थोडा बाहेरचा अनुभव पाहिला तर दिसते, की भांडण कलमावरून क्वचितच पेटते. ते पेटते तीन प्रश्नांची उत्तरे वेळेवर न मिळाल्यामुळे. तू कोण, कुठला आणि हे कशासाठी. ज्याने ही उत्तरे कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी दिली, त्याला कायद्याची गरज सहसा पडत नाही. न दिलेल्याला कायदा मदत करतो खरा, पण ती मदत बहुतेक वेळा नंतर पोहोचते.

ही मदत किती उशिरा पोहोचू शकते, हे धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवर घरोघर पोहोचल्या होत्या. जमावाने त्यांना घेरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मरेस्तोवर मारले. मारहाण चालू असताना कित्येकांनी तिचे चित्रीकरण केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. त्या पाचांच्या हातात कॅमेरा नव्हता. तरीही खानदेशात फोटो काढायला निघणाऱ्या प्रत्येकाने राईनपाडा ध्यानात ठेवायला हवा. परका माणूस, बाजारातली लेकरे आणि संशयाने भारलेली हवा यांची गाठ पडली, की खुलासा करायला वेळ उरत नाही. बाजारात लहान मुलांवर लेन्स रोखून उभा राहणारा अनोळखी माणूस त्याच भीतीला हात घालत असतो, मग त्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

त्या अफवांमागे चित्रेही होती, हे विसरून चालणार नाही. २०१८ मध्ये भारतभर फिरलेली एक चित्रफीत मूळची कराचीची होती. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारे पोर उचलून नेतात आणि क्षणात परत आणून सोडतात. पालकांनी सावध राहावे म्हणून एका संस्थेने ती बनवली होती, आणि शेवटी तसा फलकही दाखवला होता. कुणीतरी पोर परत आणण्याचा भाग आणि फलक कापून टाकला. उरलेल्या तुकड्याने लोकांना खरे अपहरण पाहिल्यासारखे वाटले. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चित्राचा अर्थ असा उलटवता येतो, हे गावाने अनुभवलेले असते. ‘माझा हेतू चांगला आहे’ एवढ्या वाक्यावर गावकऱ्यांचे समाधान होत नसेल, तर त्यात त्यांचे काही चुकत नाही.

ही भीती जुनी झालेली नाही. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर बीड, जालना, संभाजीनगर या जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या बातम्या आल्या. चोर टेहळणी करत असावेत या धास्तीने लोकांनी रात्री जागून काढल्या. विषय विधिमंडळातही निघाला. ड्रोन उडवणाऱ्याचा तर चेहराच दिसत नाही. तू कोण, हे विचारायला समोर माणूसच नसतो. लग्नाच्या चित्रीकरणासाठी शिवारात ड्रोन उडवणाऱ्यांनी आधी पोलीस पाटलाला सांगितले तर निम्मा घोर मिटतो. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ ने गावातल्या या पदाला कायद्याचे अधिष्ठान दिले आहे. गावात परका कोण आला, याची खबर ठेवणे हे पोलीस पाटलाचे कामच आहे.

आता कायदा. भारतात सार्वजनिक जागी फोटो काढण्यावर सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. रस्ता, बाजार, मिरवणूक, एसटी स्थानकाबाहेरची गर्दी यांची चित्रे घेता येतात. मर्यादा आहेत त्या ठरावीक. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाने, म्हणजे दंड संहितेच्या जुन्या ३५४-सी कलमाच्या जागी आलेल्या तरतुदीने, स्त्रीच्या खाजगी क्षणाचे चोरून चित्र घेणे गुन्हा ठरवले आहे. पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षांची कैद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ई हे कलम कुणाच्याही शरीराच्या खाजगी भागाचे चित्रण संमतीशिवाय करण्याविरुद्ध आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. मॉल, रुग्णालय, देऊळ, जिनिंग मिल, सराफाची पेढी या जागांचे मालक किंवा विश्वस्त आपापले नियम करू शकतात. तिथे ‘फोटो काढू नका’ म्हटले की विषय संपला.

दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. रस्त्यावरच्या कुणाही खाजगी माणसाला दुसऱ्याचा कॅमेरा हिसकावण्याचा, त्याला अडवून ठेवण्याचा किंवा जबरदस्तीने फोटो पुसायला लावण्याचा अधिकार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेने हिसकावणी हा वेगळा गुन्हा मानला आहे. कलम ३०४, कैद तीन वर्षांपर्यंत. वाट अडवणे, कोंडून ठेवणे, धमकावणे यांना वेगळी कलमे आहेत. पोलिसांनी उपकरण ताब्यात घेतले तर जप्तीची रीतसर नोंद व्हावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमानुसार आता झडती आणि जप्तीचे चित्रीकरण खुद्द पोलिसांनीच करायचे आहे. ‘फोटो दाखव, पुसून टाक, जा’ असे तोंडी फर्मान कुठल्याच कलमात बसत नाही.

पोलीस ठाण्यात चित्रीकरण केले म्हणून १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याची सवय काही ठिकाणी पडली होती. वर्ध्याच्या अशाच एका प्रकरणात २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने गुन्हा रद्द केला. पोलीस ठाणे त्या कायद्यातल्या ‘प्रतिबंधित जागे’च्या व्याख्येत येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. छायाचित्रकारांनी हा निकाल माहीत करून घ्यावा. मात्र तो ठाण्याच्या दारात वाद घालण्यासाठी वापरू नये. वकिलाने न्यायालयात मांडायची ही गोष्ट आहे.

प्रतिबंधित जागा मात्र खानदेशात खऱ्याच आहेत. भुसावळ आणि वरणगाव इथे आयुध निर्माण कारखाने आहेत. त्यांच्या भिंतीकडे लेन्स वळवणाऱ्याला रखवालदार हटकतो, ते त्याचे कर्तव्य आहे. त्याच्याशी कलेच्या स्वातंत्र्यावर चर्चा करण्यात काही अर्थ नाही. त्याच भुसावळात रॉबर्ट गिलची कबर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढण्यात आयुष्य घालवणारा हा लष्करी अधिकारी पुढे कॅमेऱ्याकडे वळला, आणि लेण्यांची त्याने घेतलेली छायाचित्रे १८६४ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्याच अजिंठ्याला आज वेगळा नियम आहे. २०१८ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत छायाचित्रणाची मोकळीक जाहीर झाली, तेव्हा त्यातून तीनच ठिकाणे वगळली गेली. अजिंठा लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली मुख्य कबर. अजिंठ्याला रखवालदाराने टोकले तर पर्यटक रागावतात. जवळजवळ दीड हजार वर्षांच्या रंगांवर पडणाऱ्या प्रकाशाची चिंता करणारा तो माणूस त्या वेळी सगळ्यांच्याच वतीने बोलत असतो.

कायद्याच्या चौकटीत राहूनही माणसाला छळता येते, आणि या विषयातला सगळ्यात दुखरा भाग हाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभात माळा विकायला आलेल्या नर्मदाकाठच्या महेश्वरच्या एका मुलीचे डोळे एका चित्रफितीमुळे देशभर गाजले. मग तिच्याभोवती मोबाइलचा असा गराडा पडला, की धंदा बुडाला आणि तिला घरी परतावे लागले. त्या गराड्यातल्या एकेकाला विचारले असते, तर प्रत्येकाने ‘मी एकच फोटो काढला’ असे सांगितले असते. २०१९ च्या कुंभात अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्नानाच्या घाटांपासून १०० मीटरच्या आत छायाचित्रणाला मनाई केली होती. तिच्यामागचे कारण उघड होते. ओल्या वस्त्रांतल्या बायांना कुणी विचारत नव्हते आणि विचारणे शक्यही नव्हते. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये आहे. तिथल्या प्रशासनाने हा नियम घाटावर गर्दी उसळल्यानंतर न आठवता आताच ठरवून, पाट्या लावून जाहीर करावा.

सातपुड्याच्या पायथ्याला होळीच्या आधी भरणारे भोंगऱ्या बाजार घ्या. यावल, रावेर, चोपडा भागांतल्या या बाजारांत पावरा-भिल्ल समाज होळीचा बाजार करायला, ढोल वाजवायला, नातेवाइकांना भेटायला येतो. बाहेरून येणारे कॅमेरे मात्र वर्षानुवर्षे एकच गोष्ट शोधतात, ती म्हणजे ‘जोडीदार निवडण्याचा उत्सव’. या मथळ्यावर आदिवासी संघटनांनी पुन्हा पुन्हा आक्षेप घेतला आहे. नटलेल्या तरुण मुलीचा फोटो त्या मथळ्याखाली छापला, की ती बाजाराला आलेली कुणाची लेक राहत नाही. पुढच्या वर्षी त्याच बाजारात दुसऱ्या छायाचित्रकाराला पोरे घेरतात आणि तो बिचारा चकित होतो. भांडणाचे बीज आदल्या वर्षीच्या मथळ्यात पेरलेले असते. मार्च २०२२ मध्ये सीमेपलीकडच्या अलिराजपूर जिल्ह्यात याच सणात मुलींची छेड काढणाऱ्या टोळक्याची चित्रफीत पसरली आणि तिच्या आधारे अटका झाल्या. चित्रीकरणामुळे गुन्हेगार सापडले, हे खरेच. पण तीच फीत हजारोंनी मुलींचे चेहरे न झाकता पुढे ढकलली. गुन्ह्याचा पुरावा थेट पोलिसांना द्यायचा असतो. तो गटागटांत वाटायचा नसतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीच्या होळीलाही हेच लागू आहे. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर नक्षी रेखलेले बावा आणि बुध्या रात्रभर नाचतात. छायाचित्रकारांना ते रंगीबेरंगी वेश दिसतात. प्रत्यक्षात ती नवसाची माणसे असतात, त्या दिवसांत कडक पथ्ये पाळणारी. नाचणाऱ्याला थांबवून ‘जरा इकडे बघ’ म्हणणे हा त्याच्या व्रतात व्यत्यय आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गोष्ट वेगळी आहे. तिथे घोडेवाल्यालाच आपला घोडा दाखवायचा असतो, आणि फोटो चांगला आला तर तो नंबर देऊन मागवूनही घेतो. एकाच पट्ट्यातल्या दोन जत्रांना एकच नियम लावता येत नाही.

जगानेही याची एकच एक वाट काढलेली नाही. १८९८ मध्ये बिस्मार्कच्या मृत्यूनंतर दोन छायाचित्रकार लाच देऊन त्याच्या खोलीत शिरले आणि त्यांनी शवाचा फोटो घेतला. त्या संतापातून जर्मनीत १९०७ चा कायदा आला. माणसाचे चित्र प्रसिद्ध करायला त्याची संमती हवी, अपवाद गर्दीचा आणि समकालीन घडामोडींचा. अमेरिकेचे उत्तर नेमके उलटे आहे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फिलिप-लॉर्का डिकोर्शिया याने नकळत टिपलेल्या एका सनातनी ज्यू गृहस्थाने धर्माचा दाखला देत दावा लावला. २००६ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, कारण ते चित्र कला म्हणून मांडले होते. जपान आणि दक्षिण कोरियाने फोनच्या कॅमेऱ्याचा खटका बंदच करता येणार नाही अशी व्यवस्था केली, म्हणजे चोरून काढणाऱ्याचा आवाज तरी होईल. आपल्याकडे लेखी कायदा अमेरिकेच्या जवळचा आहे, पण समाजमन जर्मनीच्या बाजूला झुकते. खटके बहुतांशी या दरीत उडतात.

अडवणारा प्रत्येक जण गावाचा राखणदार असतो, असेही नाही. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईतल्या महालक्ष्मीच्या ओसाड शक्ती मिलमध्ये एक तरुण वृत्तछायाचित्रकार स्त्री आणि तिचा सहकारी कामासाठी गेले होते. तिथल्या टोळक्याने आधी, ही जागा रेल्वेची आहे, परवानगी कुठे आहे, असाच पवित्रा घेतला होता. पुढचा अत्याचार सगळ्या देशाला माहीत आहे. या घटनेनंतर संपादकांनी आणि छायाचित्रकारांनी काही गोष्टी कायमच्या बदलायला हव्या होत्या. ओसाड जागी दोघांनीच जायचे नाही. कुठे जात आहोत, कधी परतणार, हे कार्यालयाला किंवा घरी सांगायचे. कुणी अधिकाराचा आव आणला तर ‘चला, साहेबांकडे जाऊ’ म्हणत त्याच्यामागे आत जायचे नाही. उलट बाहेर, रस्त्याकडे, माणसांत यायचे आणि तिथे ओळखपत्र मागायचे. विचारणाऱ्याला बोलायचे असेल तर तो चहाच्या टपरीवरही बोलेल.

नेहमीच्या, रोजच्या हटकण्यात मात्र वेगळे वागावे लागते. अनुभवी माणसे आधी कॅमेरा खाली घेतात. डोळ्याला लावलेला कॅमेरा तसाच ठेवून दिलेले उत्तर उद्धटच वाटते. मग घोळक्यातल्या वडीलधाऱ्याशी बोलायचे. एखादे आबा, नाना किंवा अण्णा असतातच, आणि त्यांचे समाधान झाले की तरुण पोरे मागे सरतात. आपले नाव, गाव, काम आणि फोटो कुठे जाणार हे एका दमात, न विचारता सांगायचे. पडद्यावर फोटो दाखवायचा. मोठी लेन्स लावून लांबून लपूनछपून काढण्यापेक्षा जवळ जाऊन उघडपणे काढणे कमी धोक्याचे, कारण लपणाऱ्यावर संशय आधी येतो. बाजारातल्या भाजीवालीकडे आधी भाजी घ्यावी म्हणतात. तेही ठीक, पण पाव किलो वांगी म्हणजे संमती नव्हे. विचारावे लागतेच. लहान मुलांचा फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नाही. यात अपवाद शोधू नये.

‘पुसून टाका’ म्हटले तर? छायाचित्रकारांत यावर दोन मते आहेत. काहींना ती शरणागती वाटते. पण समोरच्याचा स्वतःचा चेहरा असेल आणि त्याला तो नको असेल, तर कायद्याने बांधलेले नसतानाही पुसावा, त्याच्या डोळ्यांदेखत. एक चौकट गेल्याने कुणाची कारकीर्द बुडत नाही. अधिकाऱ्याची दांडगाई, नदीतला वाळूउपसा, रस्त्यावरचा अन्याय टिपला असेल, तर तो फोटो कुणाच्या दटावणीने पुसू नये. तिथे नकार नम्रपणे द्यावा, वाद न घालता निघावे आणि गरज वाटली तर ११२ ला फोन करावा. माणसे जमू लागली, मागचे पुढच्यांना ढकलू लागले, कुणीतरी मोबाइलवर आणखी माणसे बोलावू लागला, की तत्त्वाची चर्चा संपली. एसटी स्थानक, दवाखाना, पोलीस चौकी, जिथे चार परकी माणसे दिसतील तिकडे चालू लागावे. राईनपाडा ज्या भागात घडला, तिथे ही सूचना कुणी भित्रेपणाची समजू नये.

याहून चांगला मार्ग वेळखाऊ आहे, आणि मराठी छायाचित्रकारांनी तो चालून दाखवला आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षे राहून त्यांचे काम टिपले. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर फिरले. ग्रामीण भारताची नोंद ठेवणारे ‘पारी’ हे संकेतस्थळ डिसेंबर २०१४ पासून फोटोखाली शक्य तिथे माणसाचे नाव, गाव आणि काम लिहिते. ही सवय वाटते त्यापेक्षा जास्त काम करते. नाव लिहायचे तर विचारावे लागते, विचारायचे तर बोलावे लागते, आणि बोलणे झाले की हटकण्याचे कारणच उरत नाही. खानदेशातल्या हौशी छायाचित्रकारांच्या गटांनी एवढे जरी उचलले, आणि काढलेल्या फोटोंच्या चार प्रती पुढच्या बाजाराला नेऊन वाटल्या, तर पुढे येणाऱ्या अनोळखी कॅमेऱ्याची वाटही सोपी होईल.

गेल्या काही वर्षांत एक नवी अडचण उभी राहिली आहे. साध्या, अंगभर कपड्यांतल्या फोटोवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने अश्लील चित्र बनवणे आता कुणालाही जमते. गावातली पोरगी आज ‘नको’ म्हणते, तेव्हा ती लाजते आहे असे समजण्याचे दिवस गेले. तिच्या नकाराला भक्कम आधार आहे. यापुढे संमती मागायची तर फोटो काढण्यापुरती मागून भागणार नाही. तो कुठे टाकणार, किती दिवस ठेवणार, आणि उद्या तिने काढून टाका म्हटले तर कुणाला फोन करायचा, हेही सांगावे लागेल. ज्याला हे सांगता येत नाही, त्याने तिचा फोटो काढू नये.